शाळेच्या प्रयोगशाळेत अनेरोबिक जीवाणू: एक बाटली आणि तळ्याचा चिखल

ऑक्सिजनशिवाय वाढणारे जीवाणू दाखवायचे म्हटले की शाळेत हमखास काचेच्या बरणीत मेणबत्ती लावली जाते. मी विज्ञान शिकवते आणि आधी हेच सांगते की या कामासाठी मेणबत्तीचा उपयोग नाही. ज्योत विझते तेव्हाही बरणीत १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरलेला असतो. खऱ्या अनेरोबिक जीवाणूंना तेवढा ऑक्सिजन पुरेसा मारक ठरतो.

ऑक्सिजन आपण हटवायच्या फंदात पडूच नये. ते काम चिखल करतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८८० च्या दशकात वापरलेली, चिखल भरून ठेवायची ही पद्धत आजही शाळेसाठी मला सर्वांत चांगली वाटते, कारण बाटली उघडावी लागत नाही. अगर प्लेटवर (जीवाणू वाढवायच्या जेलीच्या थाळीवर) अनोळखी अनेरोबिक जीवाणू वेगळे काढून वाढवणे शाळेत अजिबात करू नका. मातीत धनुर्वाताचेही बीजाणू असतात. चिखल हाताळताना हातमोजे घाला. हाताला जखम असेल त्या मुलाला नोंदी लिहायला बसवा.

एक लिटरची पारदर्शक, उभट बाटली घ्या. तळ्याच्या काठचा, पाण्याखालचा काळपट चिखल आणि तिथलेच पाणी आणा. खडे, काड्या काढून घट्ट पिठल्याइतका सैल करा. एक तृतीयांश चिखलात मूठभर वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, चमचाभर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि चमचाभर कॅल्शियम कार्बोनेट मिसळा. फळ्याचा खडू वापरणार असाल तर त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघा. फसफसला तर तो कार्बोनेट, नाही फसफसला तर बहुधा जिप्सम. दोन्ही लागतात, म्हणून ही चाचणी टाळू नका.

हे मिश्रण तळाशी भरा. प्रत्येक थर भरल्यावर बाटली हलकेच आपटा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. त्यावर नुसता चिखल, वर तीन-चार सेंटिमीटर पाणी, मग थोडी मोकळी जागा. झाकण सैलच ठेवा, आत वायू तयार होतो. कागद जास्त झाला तर हाच वायू चिखलाला मधोमध फाडून वर उचलतो.

बाटली खिडकीजवळ ठेवा, पण थेट उन्हात नको. दिवा लावायचा तर जुना तारेचा बल्ब चांगला. पुढे बाटलीत दिसणारे जांभळे जीवाणू डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही वापरतात आणि पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतो. दुसरी तशीच बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. तुलनेला ती हवीच.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत तळ काळा पडू लागतो. तळाचे जीवाणू कागदातला सेल्युलोज कुजवून आम्ले तयार करतात. डेसल्फोव्हिब्रिओसारखे जीवाणू ती वापरून जिप्सममधल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि चिखलातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन काळे लोह सल्फाइड तयार होते. चार ते आठ आठवड्यांत उजेडाकडच्या बाजूला खाली शेवाळी हिरवे आणि त्याच्या वर जांभळे डाग दिसू लागतात. हिरवे सल्फर जीवाणू जास्त सल्फाइड सोसतात, म्हणून ते खाली. हिरवे आणि जांभळे दोघेही प्रकाशसंश्लेषण करतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात, त्यामुळे ऑक्सिजन सुटत नाही. वरच्या हिरव्या पाण्यात मात्र सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे जीवाणू) ऑक्सिजन सोडत असतात. एकाच बाटलीत, काही सेंटिमीटरच्या अंतरावर! मुलांना इथे भरपूर वेळ द्या, प्रश्न इथेच सुटतात आणि इथेच नवे पडतात.

दर आठवड्याला ठरावीक जागेवरून फोटो काढा आणि बाटलीवर पट्टी चिकटवून प्रत्येक थराची उंची मोजा. गुंडाळलेल्या बाटलीचा कागद फक्त शेवटी काढा. तिथे तळ काळा असेल, रंगीत थर नसतील.

बाटली रिकामी करताना मुलांना लांब ठेवा. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू विषारी आहे, म्हणून बंद खोलीत कधीच नको. उघड्यावर खड्डा करून ओता, मातीने झाका, हात साबणाने धुवा. चिखलावर आम्ल चुकूनही टाकू नका, त्याने वायू एकदम बाहेर पडतो.