लहान मुलांसह क्रूझवरून किनाऱ्यावर उतरताना या चुका टाळा

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूर सोडायचे, सकाळी मुंबईत उतरून बॅलार्ड पिअरवरून गोवा किंवा लक्षद्वीपचे जहाज धरायचे, नाहीतर विमानाने सिंगापूर गाठून तिथून मलेशियातील पोर्ट क्लांग, पेनांग आणि थायलंडमधील फुकेतची फेरी करायची, हा बेत आता आपल्याकडच्या अनेक घरांत ठरतो. अशा सहलींबरोबर संयोजक म्हणून जाताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. जहाजावर मुलांच्या बाबतीत सहसा काही बिघडत नाही, कारण तिथे कठडे उंच असतात आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. जे बिघडते ते बंदरावर मिळणाऱ्या सहा-आठ तासांत बिघडते, आणि दर वेळी त्याच त्या चुकांमुळे बिघडते.

पहिली चूक घड्याळाची आहे, आणि ती शिकल्यासवरल्या माणसांकडूनच अधिक होते. सिंगापूर व मलेशियाची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आहे, तर थायलंडची दीड तास पुढे. म्हणजे सिंगापूरहून निघालेले जहाज फुकेतला पोहोचते, तेव्हा किनाऱ्यावरचे घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे असते. जहाज आपली वेळ बदलेलच असे नाही. ते त्या दिवशी कोणत्या वेळेवर चालणार आहे, हे खोलीत येणाऱ्या दैनंदिन कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते आणि ती पत्रिका बहुतेक जण जेवणाच्या वेळा पाहून बाजूला ठेवतात. मोबाइल मात्र किनाऱ्यावरचे नेटवर्क मिळताच कोणालाही न विचारता तासभर मागे सरकतो.

फुकेतमधील पातोंगच्या किनाऱ्यावर हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. तिथे मोठे जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी तरंगत्या धक्क्यावर आणतात. शेवटची बोट जहाजाच्या वेळेनुसार चार वाजता सुटणार होती. आमच्या गटातील एक दाम्पत्य सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन वाळूत निवांत बसले होते, कारण मोबाइलमध्ये तीनही वाजले नव्हते. मुलांचे आजोबा धक्क्याजवळ सावलीत बसले होते. त्यांच्या मनगटावर चावीचे जुने एचएमटी घड्याळ होते आणि ते जहाजाच्या वेळेवर लावलेले होते. चार वाजायला आले तरी कुटुंबाचा पत्ता नाही, हे पाहून ते स्वतःच वाळू तुडवत त्यांना शोधायला गेले. तिथे चिरंजीवांनी त्यांनाच ऐकवले, "बाबा, तुमचं घड्याळ पुढे गेलंय, हे बघा मोबाइलमध्ये." बाप-लेकांचा हा वाद मिटेपर्यंत धक्क्यावरच्या खलाशाने बोटीचा एक दोर सोडलाही होता. मग मुलगा वडिलांच्या खांद्यावर, त्याची एक चप्पल वाळूत, आईच्या चपला तिच्या हातात, मुलगी रडत मागून, अशी ही वरात धावत आली. खलाशी सज्जन होता, म्हणून थांबला. थांबलाच पाहिजे असे त्याच्यावर काही बंधन नव्हते.

तेव्हापासून उतरण्यापूर्वी मोबाइलमधील आपोआप वेळ बदलण्याची सोय मी सर्वांना बंद करायला लावतो आणि प्रत्येक कुटुंबात किमान एक मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर आहे ना, हे स्वतः पाहतो. लहान मुले बरोबर असतील, तर शेवटच्या बोटीच्या दोन तास आधी धक्क्यावर परतावे. तीन वर्षांच्या मुलाला शी नेमकी निघायच्या वेळीच होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा वेळ जास्त वाटणार नाही.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे एका दिवसात सगळे उरकण्याचा हव्यास. पोर्ट क्लांगपासून क्वालालंपूर सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि रहदारी असेल तर एवढ्या अंतरालाही दीड-दोन तास लागतात. तरीही बंदराबाहेरची स्वस्त टॅक्सी ठरवून बाटू केव्ह्जची गुहामंदिरे, पेट्रोनासचे जुळे मनोरे आणि वर खरेदी असा बेत आखणारे लोक प्रत्येक सहलीत भेटतात. बाटू केव्ह्जला २७२ पायऱ्या चढाव्या लागतात. तिथे बाबागाडीचा उपयोग नाही आणि अर्ध्या वाटेवर मूल कडेवर येते. जहाजाच्याच सहलीने गेलात आणि बसला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते किंवा पुढची व्यवस्था करते. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर ते निघून जाते, आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. सिंगापूरला परतण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागतो, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवायचा की जहाजावर, हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे, त्याची प्रत बरोबर ठेवावी आणि कार्यक्रमपत्रिकेतील बंदरावरच्या एजंटचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. पाच वर्षांखालील मूल बरोबर असेल तर एकच ठिकाण पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. "एवढे पैसे भरून एकच?" असे विचारणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

दुसरी चूक लाइफ जॅकेटची आहे, आणि तिच्याबद्दल मला खरोखर राग येतो. गोव्यातील एका किनाऱ्यावर बोटवाल्याने चार वर्षांच्या मुलीच्या गळ्यात मोठ्या माणसाचे जॅकेट अडकवले आणि ते ढिले होते म्हणून तिच्या आईने वरून ओढणी गुंडाळून गाठ मारली. ते दोघेही समाधानी दिसत होते. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगात घातले की पाण्यात ते वर सरकते, तोंडावर येते किंवा मूल त्यातून खाली निसटते. ओढणीच्या गाठीने यातले काहीही थांबत नाही. जॅकेट मुलाच्या वजनाला योग्य असावे, त्याला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा, आणि सर्व पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी धरून वर उचलले असता ते हनुवटी-कानांपर्यंत सरकू नये. ही परीक्षा मी बोटीत बसण्यापूर्वी घेतो. योग्य मापाचे जॅकेट नसेल तर मूल बोटीत बसत नाही, मग बोटवाला "दोनच मिनिटांचा रस्ता आहे" असे कितीही म्हणो. दंडात घालायचे हवेचे फुगे हे खेळणे आहे. त्यांच्या भरवशावर मुलाला पाण्यात सोडू नये.

आपल्याकडचे बाप-काका पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात आणि त्यांना त्याचा रास्त अभिमानही असतो. परंतु विहिरीला प्रवाह नसतो. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत लाल बावटा लागतो, तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यानेही पाण्यात उतरायचे नसते. मुलाला कडेवर घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहणे हेसुद्धा उतरणेच आहे.

छोट्या बोटीत चढताना मूल कडेवर घेऊन स्वतः उडी मारण्याची घाई करू नये. एका मोठ्या माणसाने आधी बोटीत जावे, मग खलाशाने मूल त्याच्या हातात द्यावे, मग दुसऱ्याने यावे. मागे रांगेत कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवणारे पालक परदेशात मात्र ती विसरतात. चिठ्ठीवर जहाजाचे नाव, पालकांचा चालू असलेला क्रमांक आणि एजंटचा क्रमांक लिहावा. खोलीचा क्रमांक लिहू नये. सकाळी उतरण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा एक फोटो काढून ठेवावा.

सोलापूरच्या उन्हाची सवय किनाऱ्यावर फारशी कामाला येत नाही, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि मूल पाहता पाहता मलूल होते. ओआरएस बरोबर ठेवावे, पण एक लिटरची पुडी एका पेल्यात कालवू नये. असे दाट पाणी लहान मुलाला अपाय करते. मळमळीसाठी घरातील कोणाचीही गोळी अर्धी करून देणे हाही असाच प्रकार आहे. प्रोमेथाझीन असलेले औषध दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, त्यामुळे निघण्यापूर्वीच आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

माकडांना खाऊ देऊ नये आणि मुलाच्या हातातही तो ठेवू नये. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या लसीचा निर्णय सोलापूरला परतेपर्यंत लांबवू नये.

टॅक्सीत मुलाला मांडीवर घेऊन बसणे सुरक्षित नाही. सिंगापुरात १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी गाडीत योग्य आसन किंवा पट्टा सक्तीचा आहे. टॅक्सींना त्यातून सूट आहे, एवढ्याच आधारावर निर्धास्त होणाऱ्यांनी अपघात टॅक्सीलाही होतो, हे लक्षात घ्यावे. मी अशा कुटुंबांसाठी मुलांचे आसन असलेली गाडी आधीच ठरवतो. ती महाग पडते आणि त्यावरून दर वेळी थोडी घासाघीस होते.