धंद्याची वेबसाइट कशावर उभी करायची? आधी दर कोण बदलणार ते ठरवा

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी, मिरजेतला तानपुरे घडवणारा कारागीर आणि कुपवाड एमआयडीसीतलं लेथचं वर्कशॉप, तिघांनाही बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: ‘वर्डप्रेसवर करून टाका.’ वर्डप्रेस म्हणजे साइट बांधायची आणि चालवायची प्रणाली. सल्ला वाईट नाही, पण तिघांची गरज वेगळी आहे. प्लॅटफॉर्म बघण्याआधी कागदावर एक नाव लिहा: साइट सुरू झाल्यावर तिच्यातले दर, फोटो आणि मजकूर बदलणार कोण? मालक, घरातली सून, की हिशेब बघणारा पोरगा? त्या माणसाला मोबाइलवरून जे जमेल, तेच तुमच्या कामाचं. हे नाव न ठरवता केलेल्या साइटवर दोन वर्षांनीही पहिल्याच दिवाळीचा दर झळकत असतो. गिऱ्हाईक तो दर दाखवून भाव करतं, तेव्हा मालकाला साइट आठवते.

कुणाला काय लागतं

वर्कशॉपला चार-पाच पानं पुरतात. पुण्याचा खरेदी अधिकारी तिथे मशिनची यादी, किती व्यासाचा आणि किती लांबीचा जॉब बसतो, टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) किती मिळतो, प्रमाणपत्रं कोणती आणि पत्ता एवढंच शोधतो. ही माहिती वर्षातून दोनदा बदलते. त्यासाठी गूगल साइट्स फुकटात चालतं. वर्डप्रेस डॉट कॉम या, वर्डप्रेस चालवून देणाऱ्या सेवेचा साधा प्लॅनही चालेल. इथे कार्ट (ऑनलाइन खरेदीची टोपली), चॅट, फिरते बॅनर यांवर पैसे घालवू नका.

तानपुऱ्याचं गणित वेगळं. प्रत्येक नग निराळा: भोपळ्याचा घेर, लाकूड, स्त्री-स्वराचा की पुरुष-स्वराचा, जवारी (तारेचा झंकार) कशी लागली आहे. असा माल कुणी ‘बाय नाऊ’ दाबून घेत नाही. प्रत्येक नगाचं एक पान, पाच-सहा फोटो, मिनिटभराचा आवाज आणि खाली व्हॉट्सॲपचं बटण एवढं हवं. नग विकला की पान काढू नका, ‘विकला’ असं लिहून ठेवा. जुने नग बघूनच नवं गिऱ्हाईक हात ओळखतं. परदेशातून विचारणा येत असेल तर मराठीबरोबर इंग्रजी पानंही लागतील. वर्डप्रेसवर पॉलीलँग हे प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) दोन भाषांचं काम फुकटात नीट करतं.

हळद किंवा बेदाणा पाकिटातून विकायचा असेल, तरच खरी दुकानाची यंत्रणा लागते. २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो ही तीन वेगळी उत्पादनं म्हणून टाकू नका. एकच उत्पादन आणि त्याचे तीन प्रकार करा, म्हणजे फोटो आणि मजकूर एकदाच बदलावा लागतो. पाकिटाचं वजन डब्यासकट भरा. नुसतं हळदीचं वजन भरलं की कुरियरचा दर कमी धरला जातो आणि प्रत्येक पार्सलमागे पदरचे पैसे जातात. सौद्यातले ठोक दर साइटवर टाकूच नका. ते रोज हलतात. तिथे फोन नंबर द्या.

या कामाला दोन सरळ पर्याय आहेत. शॉपिफाय ही तयार ऑनलाइन दुकानाची सेवा. त्यात सर्व्हर, अपडेट, सुरक्षा सगळं कंपनीच बघते, बदल्यात दरमहा भाडं. त्याची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, म्हणून बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडावा लागतो. मग ऑनलाइन पैसे आलेल्या ऑर्डरवर गेटवेचं शुल्क वेगळं आणि प्लॅननुसार शॉपिफायचं वेगळं. वर्डप्रेसवरचं दुकानाचं प्लगिन वूकॉमर्स फुकट आहे, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) तुमचं, अपडेट तुमचे आणि बिघाडही तुमचा. महिन्याला दोन तास देणारा जाणकार माणूस हाताशी असेल तर वूकॉमर्स घ्या. नसेल तर शॉपिफायचं भाडं भरा; बंद पडलेल्या कार्टपेक्षा ते स्वस्त पडतं.

विक्स हा साइट बांधायचा आणखी एक तयार प्लॅटफॉर्म. दिसायला देखणं आणि शिकायला सोपं आहे. मात्र त्यावरची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. सोडायचं ठरलं की पानं नव्याने बांधावी लागतात. जूमला आणि ड्रुपल आता लहान धंद्याने नव्याने घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत. प्लॅटफॉर्म म्हणून ते चांगले आहेत, पण दुरुस्तीला सांगली-मिरजेत माणूस शोधत बसावं लागेल. वर्डप्रेसवाला गल्लीत मिळतो, हे त्याचं मोठं बळ.

खर्च तीन वर्षांचा काढा

होस्टिंगची जाहिरात पहिल्या मुदतीच्या दराची असते. नूतनीकरणाला तोच प्लॅन दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. म्हणून विचारताना ‘रिन्यूअल किती?’ हेच विचारा. त्यात १८ टक्के जीएसटी, डोमेन (साइटचं नाव-पत्ता), ईमेल, विकतची प्लगिन आणि देखभाल मिळवा. तीन वर्षांची बेरीज शेजारी-शेजारी मांडली की ‘फुकट’ आणि ‘महाग’ यांच्या जागा बऱ्याचदा बदलतात. विकतची थीम (साइटचं तयार रूप) कुणी फुकट देत असेल तर घेऊ नका. अशा फोडलेल्या फायलींत घुसवलेला कोड तुमच्या गिऱ्हाइकाला जुगाराच्या साइटवर पाठवू शकतो, आणि मालकाला स्वतःच्या मोबाइलवर ते कदाचित दिसतही नाही.

मराठी मजकुराची परीक्षा

डीटीपीवाल्याकडून पत्रकाचा मजकूर आणून साइटवर चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. तो श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतो. आधी युनिकोडमध्ये (सगळ्या मोबाइलवर दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) रूपांतर करून घ्या. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, म्हणून एकदा मोठ्याने वाचून तपासा. वैतागून पत्रकाचा फोटोच टाकू नका: गूगलला त्यातलं धड सापडत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही. फाँटसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चांगले. दोन्ही मोफत आहेत.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. ‘हळद’ ही तीन अक्षरं लिंक कॉपी केली की टक्क्याच्या खुणांसकट २७ अक्षरांची होतात. वर्डप्रेस पत्त्याचा हा तुकडा २०० अक्षरांवर कापतो, म्हणून लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो आणि व्हॉट्सॲपवर लिंक भयानक दिसते. पान प्रसिद्ध करण्याआधीच पत्ता बदला. नंतर बदलला तर आधी पाठवलेल्या लिंक मोडू शकतात.

फोटोंचंही तसंच. मोबाइलचा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेल आणि वजन २०० केबीच्या आत आणूनच चढवा.

पैसे भरण्याआधी एक दिवस

शॉपिफायची मोफत चाचणी घ्या. वर्डप्रेससाठी होस्टिंग न घेता ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ ब्राउझरमध्येच उघडतं, फक्त साठवून न ठेवता टॅब बंद केला तर केलेलं काम जातं. आता कागदावर नाव लिहिलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि तीन कामं सांगा: एका पाकिटाचा दर बदल, एक फोटो बदल, ‘गणपतीत दोन दिवस दुकान बंद’ अशी सूचना लाव. तुम्ही बोलायचं नाही. पंधरा मिनिटांत तिन्ही झाली तर तो प्लॅटफॉर्म जमला. दर बदलतानाच अडकला, तर डिझाइन कितीही सुंदर असो, सोडून द्या.

मग बाहेर पडायची वाट तपासा: उत्पादनांची यादी सीएसव्हीत (कोष्टकाच्या साध्या फाइलमध्ये) आणि मजकूर एका फाइलमध्ये उतरवता येतो का? कारण सेवा बंदही पडतात: गूगल बिझनेस प्रोफाइलमधून (गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीतून) तयार होणाऱ्या फुकट साइट मार्च २०२४ मध्ये गूगलने बंद केल्या. ज्यांचं डोमेन स्वतःचं होतं, त्यांना पत्ता तरी राखता आला.

किल्ल्या कुणाच्या हातात

डोमेन मालकाच्या नावाने, मालकाच्या ईमेलवर, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर. साइट करणाऱ्याच्या खात्यातून डोमेन घेतलेलं असेल, तर त्याच्याशी बिनसलं की दुकानाची पाटीच त्याच्या ताब्यात राहते. होस्टिंग, गेटवे आणि गूगलची खाती यांचंही तसंच. साइट करणाऱ्याला वेगळा लॉगिन द्या, आणि रोजचं काम बघणाऱ्याला वूकॉमर्सची ‘शॉप मॅनेजर’ एवढीच भूमिका. ॲडमिन म्हणजे सगळे अधिकार देऊ नका.

खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क साइटवर हवाच. परराज्यात माल जाणार असेल तर जीएसटी नोंदणीचं सीएला आधी विचारा.

वर्डप्रेस घेतलंत तर महिन्याचा क्रम ठरवून टाका: आधी बॅकअप, मग अपडेट, मग स्वतः एक छोटी ऑर्डर पैसे भरून करून बघा. अपडेटनंतर कार्ट बिघडू शकतं, कारण काही थीम वूकॉमर्सच्या पानांच्या स्वतःच्या प्रती बाळगतात आणि त्या जुन्या राहतात. बॅकअप दुकानातल्या कॉम्प्युटरवरच ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं होतं. एक प्रत ऑनलाइन ड्राइव्हवर, एक घरी, आणि सहा महिन्यांतून एकदा ती प्रत रिकाम्या जागेवर उघडून साइट पुन्हा उभी राहते का ते बघा.