गाडीवरचे ओरखडे काढताय? या चुका टाळा

गाडीवर ओरखडा दिसला की पहिला हात जातो तो फडक्याकडे. कोरड्या फडक्याने घासलं की पृष्ठभागावरची धूळच पॉलिश पेपरचं काम करते आणि एका ओरखड्याभोवती बारीक चरांचं जाळं तयार होतं. आधी गाडी धुवा, मगच हात लावा.

बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर), रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं, त्यात क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनच्या आसपास. चकाकी त्याचीच आणि उन्हापासून रंगाचं रक्षणही तोच करतो. कंपाउंडने, म्हणजे बारीक कण असलेल्या घासायच्या पेस्टने, ओरखडा 'जातो' म्हणजे प्रत्यक्षात आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवला जातो. झिजलेला थर परत येत नाही, म्हणून कमीत कमी घासून भागवणं हेच खरं कौशल्य आहे.

खोली न बघता कामाला लागणं

जागा कोरडी करून ओरखड्यावरून नख हलकेच आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने (कंपाउंडपेक्षा सौम्य पेस्टने) काम होण्याची शक्यता चांगली. पाण्याचा थेंब टाकल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो बहुधा क्लिअर कोटपुरताच आहे. पण आत राखाडी प्रायमर किंवा उघडा पत्रा दिसत असेल तर कंपाउंड बाजूला ठेवा. कितीही घासलं तरी गेलेला रंग भरून येणार नाही.

लागलेल्या रंगाला ओरखडा समजणं

खांबाला किंवा दुसऱ्या गाडीला घासल्यावर दिसणारा पांढरा-पिवळा पट्टा पुष्कळदा आपल्या रंगावर चढलेला समोरचा रंग असतो. मायक्रोफायबरच्या मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा, उरलेलं सौम्य पॉलिशने काढा. थिनर मात्र नको, त्याने आपलाच रंग मऊ पडतो आणि प्लॅस्टिकचा बंपरही खराब होतो.

टूथपेस्ट आणि भांडी घासायचा स्क्रबर

टूथपेस्टचे कण दातांसाठी ठरवलेले असतात, क्लिअर कोटसाठी नाहीत. जागा धूसर होते. स्क्रबरबद्दल तर बोलायलाच नको.

कंपाउंड लावताना

उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच वाळतं आणि डाग धरतं, त्यामुळे सावलीत, थंड पत्र्यावरच काम करा. एका बोटाने दाबून घासू नका, तिथे खळगा पडतो, पॅड वापरा. दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवर थर पातळ असतो, तिथे सर्वात आधी रंग उडतो. फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला की ताबडतोब थांबा. क्लिअर कोट असलेल्या गाडीत त्याचा अर्थ तो थर संपला असा होतो.

टच-अपची घाई

टच-अप म्हणजे ओरखड्यात गाडीचाच रंग भरणं. सर्वात जास्त फसगत इथे होते. 'पांढरा' किंवा 'लाल' एवढं सांगून रंग आणू नका. एकाच कंपनीच्या पांढऱ्याच्या अनेक छटा असतात. कलर कोड बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली लावलेल्या पट्टीवर सापडतो. जुन्या, उन्हाने फिकटलेल्या गाडीवर त्या कोडचा रंगही किंचित वेगळा दिसेल.

जागेवर वॅक्स किंवा सिलिकॉन राहिलं तर ओला रंग मागे सरकतो आणि बारीक खळगे पडतात, म्हणून आधी अल्कोहोलने पुसा. गंज असेल तर तो खरवडून प्रायमर लावा, नाहीतर काही महिन्यांत रंगाखाली फुगा येतो. रंग एकदम ओतू नका, टूथपिकच्या टोकाने ओरखड्याच्या आतच पातळ थर द्या आणि प्रत्येक थर वाळू द्या. वॅक्स साधारण महिनाभर थांबून लावा. टच-अप जवळून दिसतोच. पण पत्र्यावर पाणी पोचू न देणं हे त्याचं मुख्य काम असतं आणि ते तो चोख करतो. प्लॅस्टिकचा बंपर गंजत नाही, त्यामुळे तिथे घाई नाही. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र दिरंगाई नको.

गाडीचा रंग मॅट असेल तर पॉलिश आणि कंपाउंड दोन्ही वर्ज्य. घासलेली जागा चकाकू लागते आणि ती पुन्हा मॅट करता येत नाही, अख्खं पॅनेल रंगवावं लागतं.