दोन तालुक्यांतल्या कर्करोगाच्या दरांची तुलना कशी करावी

रुग्णसंख्या थेट शेजारी ठेवू नका. आधी पत्ते तपासा: मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारा बीडचा रुग्ण बीडच्याच खात्यात जातो. लोकसंख्याधारित नोंदणीत (ठरावीक भागातल्या रहिवाशांच्या सगळ्या कर्करोगांची नोंद) किमान एक वर्ष तिथे राहणाऱ्यालाच धरतात. तीन दवाखान्यांत दिसलेला एकच माणूस तीनदा मोजला जातो, तेव्हा नाव, वय, गाव आणि अवयव जुळवून दुबार नोंदी काढा.

मग स्त्री-पुरुष वेगळे करून पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडा. समजा, ६०–६४ गटात ३,००० पुरुष आहेत आणि ५ वर्षांत ९ रुग्ण सापडले. १५,००० व्यक्तिवर्षांमागे (३,००० माणसं × ५ वर्षं) ९, म्हणजे लाखामागे ६०. जागतिक प्रमाण लोकसंख्येत (तुलनेसाठी सगळीकडे वापरायची एकच ठरावीक वयरचना) या गटाचा वाटा लाखात ४,०००, म्हणून ६० × ०.०४ = २.४. सगळ्या गटांची अशी बेरीज म्हणजे वय-समायोजित दर. हे टाळलं, तर तरुण स्थलांतर करून गेलेला तालुका उगाच भयंकर दिसतो.

त्या ९ रुग्णांची ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे निव्वळ योगायोगानं आकडा किती हलू शकतो ती कक्षा, साधारण ४ ते १७ आहे! म्हणून लहान भागात एका वर्षाच्या उडीवर कल ठरवू नका. ३ ते ५ वर्षं एकत्र घ्या. छेदात २०११च्या जनगणनेचा आकडा तसाच ठेवला, तर वाढत्या शहराचा दर फुगतो.

दर कमी दिसला की आधी नोंदणीवर शंका घ्या. तपासणी शिबिरानंतर आलेली वाढही बहुधा रोगाची नसून जास्त शोध घेतल्याचीच असते.