रिसर्च पेपर पारखून कसा घ्यायचा

"संशोधनाने सिद्ध झालंय" असा मेसेज आला की मूळ पेपर उघडायचा आणि निष्कर्षाकडे न धावता आधी अभ्यासाचा प्रश्न शोधायचा. "किती", "कशाने फरक पडला" असं विचारलं असेल तर संख्यात्मक, "का", "लोकांना काय वाटतं" असेल तर गुणात्मक. दोघांना एकच फूटपट्टी लावली की गल्लत झालीच म्हणून समजा.

आधी संख्यात्मक. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पहिलं बघायचं, तुलना कोणाशी? 39 गावांत काम, 47 गावं तुलनेला. सुरुवात सारखी होती का? हजार जन्मांमागे मृत्यू 62 आणि 58, म्हणजे जवळपास सारखीच. कामाच्या गावांत तिसऱ्या वर्षी 62 चे 25.5 झाले. आता कॅल्क्युलेटर घ्या, घट येते 59 टक्के, पण पेपरात 62 टक्के लिहिलंय, मग चुकलं का? नाही, तेवढ्या काळात तुलनेच्या गावांत मृत्युदर किंचित वाढला, तो धरून 62 टक्के. असं स्वतः करून बघितलं की आकडा डोक्यात बसतो. नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका, हजारामागे 36.5 मृत्यू कमी झाले हे जास्त बोलकं आहे. मला या कामाबद्दल फार आदर आहे, तरी विचारायचंच, की गावं चिठ्ठ्या टाकून वाटली होती का? नव्हती, त्यामुळे दोन भागांत आणखी काय वेगळं होतं तेही बघावं लागतं.

आता गुणात्मक. राणी बंग यांच्या 1989 च्या अभ्यासात दोन गावांतल्या 650 बायकांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग निघाले, पण आधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. असं का, हे आकडा सांगत नाही, त्यासाठी बसून बोलावं लागतं. अशा मुलाखतींच्या अभ्यासात "फक्त 20 जणी?" म्हणून पेपर बाजूला टाकू नका. विचारा की मुलाखत कोणी घेतली, पुरुषाने की बाईने, शेजारी सासू बसली होती का, गोंडीत बोलली तर भाषांतर कोणी केलं, बायकांचे मूळ शब्द दिलेत का, वेगळं बोलणारी एखादी आहे का, आणि मुलाखती थांबवल्या त्या नवीन काही निघेना म्हणून की पैसे संपले म्हणून. "15 पैकी 12 म्हणजे 80 टक्के महिला" असं दिसलं तर मात्र सावध व्हा, इतक्या थोड्या जणींवरून टक्के काढायचे नसतात.

अभ्यासाला पैसे कोणी दिले ते बहुतेक वेळा पेपराच्या शेवटी असतं, तेही बघून घ्या.

पेपर पारखायला शिकवणाऱ्या 'कॅस्प' या उपक्रमाच्या चेकलिस्ट नेटवर फुकट मिळतात, गुणात्मकसाठी 10 प्रश्न आहेत. प्रिंट काढा, एकच पेपर दोघांनी वेगवेगळा तपासा आणि जिथे उत्तरं जुळत नाहीत तेवढाच भाग पुन्हा एकत्र बसून वाचा.