जलरंगात बर्फ रंगवताना या चुका टाळा

बर्फ म्हटलं की हात आधी पांढऱ्या ट्यूबकडे जातो आणि चित्र तिथेच फसतं. जलरंगात सगळ्यात उजळ पांढरा म्हणजे कोरा कागद. निळ्यात चायनीज व्हाइट (ट्यूबमधला पांढरा रंग) मिसळला की रंग खडूसारखा होतो, कागदावरून परतणारा उजेड अडतो. उन्हातल्या कडा आधीच पेन्सिलने हलक्या आखून कोऱ्या राखा.

काळ्यातून केलेला राखाडी सावलीला लावू नका, बर्फ सिमेंटसारखा दिसेल. निरभ्र दिवशी सावलीत थेट ऊन पोचत नाही, आभाळाचाच निळा उजेड पडतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘द मॅगपाय’ (1868-69) या बर्फाच्या चित्रात कुंपणाची सावली निळसर जांभळी आहे. कोबाल्ट ब्लूमध्ये ब्रशच्या टोकाएवढा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घातला की पुरे.

लडाखमधली झंस्करची गोठलेली नदी, म्हणजे चादर, रंगवताना सगळा बर्फ एकसारखा निळा करायचा मोह होतो. जाड, घट्ट बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषतो म्हणून आतून निळा दिसतो. वरचा भुसभुशीत, हवा भरलेला थर पांढराच राहतो. गडद निळा भेगांत आणि तुटलेल्या कडांच्या पोटात ठेवा. तिथे थॅलो ब्लू छान बसतो, पण अगदी पातळ. तो कागदात मुरतो, पुसून निघत नाही.

खरी गडबड थरांत होते. कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), कॉटनचा घ्या. कोऱ्या कडा सोडून उन्हाच्या जागी आधी यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) पाण्यासारखा पातळ वॉश, म्हणजे रंगाचा पसरट थर, तो पूर्ण वाळल्यावर निळा. ऑकर ओला असताना निळा टेकवलात तर बर्फावर शेवाळ येईल! बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा: गार लागला तर अजून ओल आहे. पावसाळ्यात कोकणात हे वाळणं फार लांबतं. हेअर ड्रायर फूटभर लांबून फिरवा, मात्र मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावलेलं असेल तर नको. ते उष्णतेने चिकटतं आणि काढताना कागद सोलतं. तीन-चार थरांनंतर थांबा, पुढे रंग गढूळ होतो.

अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये ओला ब्रश गेला की जास्तीचं पाणी रंगाला बाहेर ढकलतं, फुलकोबीसारखे डाग उठतात. लगेच पुसायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग स्वच्छ, दमट ब्रशने डागाची कड मऊ करून टिश्यूने टिपा.

हरवलेली चमक ब्लेडच्या टोकाने खरवडून परत आणता येते, पण कागद खडखडीत वाळल्यावर आणि अगदी शेवटी. खरवडलेल्या जागी पुन्हा रंग लागला तर तो काळपट डाग होऊन बसतो.