हेल्महोल्ट्झच्या नावाचे प्रयोग: जर्नल भरण्याआधी या चुका टाळा

"मॅडम, कंपास बिघडलाय."

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. कंपास ठणठणीत असतो, हेल्महोल्ट्झ कॉइलच्या जोडीतली एक कॉइल उलटी जोडलेली असते. ही जोडी म्हणजे एकाच अक्षावर समोरासमोर ठेवलेली तारेची दोन सारखी वेटोळी, नाव एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन शास्त्रज्ञाचं. एकीचं चुंबकीय क्षेत्र इकडे, दुसरीचं तिकडे, आणि बरोबर मधोमध दोन्ही मिळून शून्य. सुई बिचारी उत्तरेकडे बघत बसते. मग पोरं करंट वाढवतात. कॉइल तापते, सुई तिथेच.

माझी सवय सांगते. आधी एकाच कॉइलला करंट द्यायचा आणि सुई कुठल्या बाजूला वळते ते बघायचं. मग पहिली काढून फक्त दुसरीला द्यायचा. दोन्ही वेळा सुई एकाच बाजूला वळली, तरच दोघींना सिरीजमध्ये जोडायचं. याला दोन मिनिटं लागतात. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नाही म्हणून कोणी करत नाही, आणि मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेही कोणी वाचत नाही, ते वेगळंच.

न वाचण्यावरून एक जर्नल आठवलं. दोन कॉइलमधलं अंतर त्रिज्येएवढं हवं. आमच्या कॉइलची त्रिज्या 15 सेमी. एका मुलाने अंतर ठेवलं 30, कारण आधीच्या बॅचने स्टँड तसाच सोडला होता. अक्षावर सरकत मोजलेल्या क्षेत्राचा ग्राफ आला उंटाच्या पाठीसारखा, दोन वशिंडं आणि मध्ये खळगा. गणित पाहिलं तर तो ग्राफ अगदी बरोबर होता. दोन्हीकडे फेरे आणि करंट तेवढेच धरले, तर व्यासाएवढ्या अंतरावर मधलं क्षेत्र योग्य मांडणीच्या निम्म्यावर येतं आणि प्रत्येक कॉइलच्या केंद्राशी मधल्यापेक्षा दीडपट भरतं. पण पोराला वाटलं आपलं चुकलं. त्याने मित्राच्या जर्नलमध्ये डोकावून मधली सगळी रीडिंग दाबून सपाट केली.

पकडलं कसं? ग्राफ पहिल्या कॉइलपासून दुसरीपर्यंत इस्त्री केल्यासारखा होता. अंतर त्रिज्येएवढं असतं तेव्हा मध्यबिंदूशी क्षेत्राचा दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य होतो, पहिला आणि तिसरा सममितीमुळे शून्यच असतात. म्हणून मधला पट्टा सपाट मिळतो. पण तो पट्टा मधलाच! कॉइलच्या प्रतलापर्यंत जाईतो क्षेत्र सुमारे 5 टक्के उतरलेलं दिसायला हवं. याचं उतरलंच नव्हतं. शिवाय आमच्या गॉसमीटरचा (चुंबकीय क्षेत्र मोजायच्या यंत्राचा) शेवटचा आकडा एका जागी कधी ठरत नाही आणि याच्याकडे दहा रीडिंग एकसारखी. मी त्याला खाडाखोड करू दिली नाही. खरा, उंटाचा ग्राफ बाजूला चिकटवायला लावला. आता दर वर्षी नव्या बॅचला तोच दाखवते.

अंतर मोजताना पट्टी एका कॉइलच्या जाडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत धरा, कडेपासून कडेपर्यंत नको. मोबाइल टेबलावर ठेवू नका. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. पृथ्वीचं क्षेत्रही हिशेबात घ्या. 130 फेऱ्यांच्या, 15 सेमी त्रिज्येच्या जोडीत 1 अँपिअरला मधोमध 7.8 गॉस मिळतात, आणि आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र जवळपास 0.4 गॉस आहे. म्हणजे 5 टक्के तिथेच गेले.

हेल्महोल्ट्झच्याच नावाच्या रेझोनेटरची तऱ्हा वेगळी. रेझोनेटर म्हणजे अरुंद मानेचं पोकळ भांडं, ते एका ठरावीक स्वराला घुमतं. आम्ही बाटली वापरतो. तिथे सगळे बाटलीच्या मानेची लांबी पट्टीने मोजतात आणि तीच सूत्रात घालतात. मानेतली हवा हलते तेव्हा तोंडाबाहेरची आणि आतल्या बाजूची थोडी हवाही तिच्याबरोबर हलते, म्हणून लांबी वाढवून धरावी लागते. बाहेरच्या टोकाला त्रिज्येच्या 0.6 पट, आतल्या टोकाला 0.85 पट. 750 मिलीची बाटली, मान 5 सेमी, आतला व्यास 1.9 सेमी घ्या. दुरुस्ती न करता 151 हर्ट्झ येतात, केल्यावर 134. फोनवरचं अ‍ॅप 134 च्या आसपास दाखवतं, मग पोरं म्हणतात सूत्र चुकीचं आहे. अ‍ॅपला माझी ना नाही, पण आधी कानाने ऐका. हेल्महोल्ट्झने असे रेझोनेटरचे पोकळ गोळे कानाशी घट्ट बसवून स्वरातले उपस्वर एकेक करून वेगळे ऐकले होते. त्याच्या 1863 च्या स्वरसंवेदनांवरच्या ग्रंथाने सी. व्ही. रामन भारावले होते.

नादकाटा टेबलाच्या कडेवर आपटू नका, रबरी पॅड त्यासाठीच आहे.

व्हायवातल्या, म्हणजे तोंडी परीक्षेतल्या, चुका भराभर सांगते. ऊर्जा अक्षय्यतेचं श्रेय एकट्या हेल्महोल्ट्झला देऊ नका. त्याचा निबंध 1847 चा, मायरचा लेख 1842 चा, आणि जूलही होताच. डोळ्याला रंग कसे दिसतात याच्या तीन रंगांच्या सिद्धांतात यंगचं नाव आधी येतं. हेल्महोल्ट्झची मुक्त ऊर्जा स्थिर आकारमानाला, गिब्जची स्थिर दाबाला. हर्ट्झ त्याचा विद्यार्थी, गुरू नव्हे.

आणि "मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग त्याने स्टॉपवॉचने मोजला" हे उत्तर मला दोनदा मिळालंय. कोनिग्सबर्गला 1849-50 मध्ये त्याने बेडकाचा मज्जातंतू आधी स्नायूपासून लांब आणि मग जवळ चेतवला, आणि स्नायू हलायला लागलेल्या दोन वेळांची वजाबाकी केली. म्हणजे स्नायूचा स्वतःचा उशीर आपोआप कटला. वेग आला सेकंदाला 30 मीटरच्या आसपास. सेकंदाचे ते बारीक तुकडे त्याने मोजले करंट किती वेळ वाहिला यावरून, आणि तो वेळ काढला गॅल्व्हनोमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या यंत्राच्या) सुईच्या हेलकाव्यावरून. त्याची सुई बिघडलेली नव्हती.